रँग्लरच्या पुढची तयारी

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांविषयी मराठी घरांत जी ओढ दिसते, ती बऱ्याच अंशी ‘रँग्लर’ या एका शब्दाने घडवली आहे. केंब्रिजमध्ये गणिताच्या अंतिम परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला रँग्लर आणि त्यांतील पहिल्याला सीनियर रँग्लर म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीत जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले र. पु. परांजपे १८९९ मध्ये हा मान दुसऱ्या एका विद्यार्थ्यासह विभागून मिळवते झाले, तेव्हा ती पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली आणि केंब्रिज म्हणजे पहिला क्रमांक हे समीकरणही मराठी मनात पक्के बसले. त्याच विद्यापीठाने १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवार यादी जाहीर करणे थांबवले, कारण खासगी शिकवण्या लावून भराभर उदाहरणे सोडवण्याच्या सरावाखाली गणिताचे खरे अध्ययन गुदमरते, असे हार्डी यांच्यासारख्या तेथील गणितज्ञांचे मत होते. पहिली गोष्ट मराठी घरांनी जपली. दुसरी त्यांच्यापर्यंत फारशी पोचली नाही, आणि आजच्या प्रवेशाची तयारी चुकते ती नेमकी येथे.

या दोन्ही विद्यापीठांत पदवीच्या एका जागेमागे साधारण सहा ते सात अर्ज येतात व त्यांतील बहुतेकांचे गुण उत्तमच असतात, म्हणून गुणांपलीकडे काय पाहिले जाते हे समजून घेणे भाग आहे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे खेळ, कला आणि समाजकार्य यांनाही मोठे वजन देतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजला मात्र अर्ज पहिल्या दिवसापासून एका ठरावीक अभ्यासक्रमासाठी करायचा असतो आणि निवड त्या विषयाचे अध्यापक करतात. त्यामुळे तबल्याच्या परीक्षा, कराटेचा काळा पट्टा, भरतनाट्यमचे अरंगेत्रम या गोष्टी मुलाला माणूस म्हणून कितीही समृद्ध करत असल्या, आणि त्या तशा करतातच, तरी रसायनशास्त्राच्या प्रवेशात त्यांचा उपयोग नाममात्र आहे. विषयाला धरून पण शाळेच्या अभ्यासक्रमाबाहेर केलेले वाचन, प्रयोग, लेखन किंवा गणिताच्या स्पर्धा यांना तेथे किंमत आहे. यूकॅस या मध्यवर्ती प्रवेशसंस्थेच्या अर्जातील निवेदनही २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागले असून त्यांतील पहिला प्रश्न, हाच विषय का, असा सरळ आहे.

निवडीचा कस लागतो तो डिसेंबरमधील मुलाखतीत. ऑक्सफर्डमध्ये ट्यूटोरियल आणि केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन म्हणतात त्या पद्धतीत एक ते तीन विद्यार्थी अध्यापकासमोर बसून आपल्या लेखनाची वा सोडवलेल्या उदाहरणांची उलटतपासणी करून घेतात, आणि मुलाखत म्हणजे अशाच तासाचा नमुना असतो. प्राण्यांच्या अंगावर पट्टे का असतात, या धर्तीच्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नसते. वाघ झाडीत लपतो असे विद्यार्थ्याने सांगितले, तर मोकळ्या माळावरच्या झेब्र्याचे काय, असे पुढे विचारले जाऊ शकते, आणि त्या क्षणी पहिले मत सोडावे, सुधारावे की त्याच्या बाजूने नवे कारण शोधावे, हे विद्यार्थी कसे ठरवतो याकडे परीक्षकांचे लक्ष असते. गप्प बसून मनातल्या मनात अचूक उत्तर जुळवणारा हुशार मुलगा येथे मागे पडू शकतो. मराठी घरांत वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडून काढणाऱ्या मुलाला ‘उलट बोलू नकोस’ असे सांगण्याची रीत आहे. ती आदरापोटी आली असली, तरी चौदा-पंधराव्या वर्षी प्रश्न विचारणेच मिटून गेलेल्या मुलाला सतराव्या वर्षी तीन महिन्यांच्या मुलाखत-शिकवणीने बोलते करता येत नाही. वास्तविक प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मगच त्याचे खंडन करण्याची पूर्वपक्षाची परंपरा भारतीय शास्त्रचर्चेचा कणा आहे, आणि तिचा सराव जेवणाच्या ताटावर, विनाशुल्क होऊ शकतो.

काही निर्णय मात्र कुटुंबांच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर घ्यावे लागतात. इंग्लंडमधील शाळांत सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षेनंतर विद्यार्थी बहुधा तीनच, क्वचित चार, ए-लेव्हल विषय निवडतो आणि त्या निवडीने पुढची काही दारे बंद होतात: केंब्रिजला गणितासाठी जायचे तर फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताचा स्वतंत्र प्रगत विषय, घेतलेला असावा लागतो. अर्जाची मुदत इतर विद्यापीठांच्या जानेवारीऐवजी १५ ऑक्टोबरला संपते, अनेक विषयांच्या प्रवेशचाचण्यांची नोंदणी त्याहीआधी सप्टेंबरात आटोपते, आणि एका वर्षी या दोहोंपैकी एकाच विद्यापीठाला अर्ज करता येतो. नोकरीच्या व्हिसावर अलीकडे ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबांनी शुल्काचा विचार त्याहून आधी करावा, कारण इंग्लंडमधील विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क (२०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड) लागू होण्यास सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाच्या आरंभी कायम वास्तव्याचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षे देशातील रहिवास लागतो. अन्यथा परदेशी विद्यार्थ्याचे कित्येक पट शुल्क भरावे लागते.

आपल्या मराठी मंडळाच्या सभासदांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, कायदा आणि अर्थशास्त्र जाणणारे आहेत. त्यांनी ओळखीच्या मराठी घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी महिन्यातून एक तास आपल्या विषयावर बोलावे, त्याचे किंवा तिचे म्हणणे खोडावे आणि आपलेही खोडू द्यावे, आणि हे ऑक्टोबर जवळ येण्याची वाट न पाहता आताच सुरू करावे, अशी मंडळाची आग्रहाची विनंती आहे.