मागचा ब्रेक चिकटला? आधी नटाला हात लावू नका



मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गोराईच्या धक्क्यावर बोरिवलीकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात गावातले एक भाजीवाले शेतकरी मोटरसायकल ढकलत उतारावर आले. मागे भाजीच्या दोन पाट्या आणि पाटी सावरायला वहिनी. उतार ओला, शेवाळलेला. गाडी पुढे ढकलली तरी मागचे चाक काही फिरेना, नुसते घसरत खाली येत होते. चाकाच्या मधल्या भागातून जळका वास येत होता. गृहस्थांनी डिकीतून पाना काढला आणि ब्रेकच्या सळईचा नट ढिला करायला बसले.

मी म्हटले, "दादा, थांबा. नट याआधी कितीदा ढिला केला?"

"हा महिनाभर हेच चाललंय साहेब. ढिला केला की दोन दिवस बरं चालतं."

नट पाहिला तर सळईच्या अगदी टोकाला आला होता. आणखी दोन आटे फिरवले असते तर पायाखाली ब्रेकच उरला नसता, आणि पुढे उतार नि खाडीचे पाणी.

आपल्या शेतातही असेच होते. पान पिवळे दिसले की युरियाची मूठ टाकायची, मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहायचे नाही. चिकटणारा ब्रेक बहुधा जास्त घट्ट नसतो, तो दाबल्यावर परत येत नसतो. म्हणून कुठे अडकतो ते आधी शोधावे.

ब्रेक परत कसा येतो?

ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत पाय दाबला की सळई ओढली जाते. सळई ब्रेकचा हात फिरवते आणि हात आतला कॅम फिरवतो. कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवतो व ते ड्रमला घासून चाक थांबते. दाबताना आपल्या पायाचे बळ असते, शिवाय हाताच्या लांबीमुळे ते कित्येक पट वाढते. परत येताना मात्र शूच्या लहान स्प्रिंगांचेच बळ. म्हणून कॅम थोडा जरी जाम झाला तरी ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

गोराई, मनोरी, उत्तन हे सगळे धारावी बेट. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. हवेतले मीठ ओल धरून ठेवते. कॅमचा दांडा लोखंडी आणि तो ज्या झाकणात फिरतो ते अ‍ॅल्युमिनियमचे. खारट ओलीत हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी धरते आणि लोखंडाला तांबेरा चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दांडा भोकात आवळला जातो. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. चिखलणीचे पाणी आणि खताच्या गोण्यांतून सांडलेले खत हेच काम करते.

दहा मिनिटांची तपासणी

गाडी थंड होऊ द्या. मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये ठेवा. चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबून सोडा व पुन्हा फिरवा. आता नट पूर्ण काढून सळई ब्रेकच्या हातातून मोकळी करा. नट किती आट्यांवर होता ते आधी मोजून ठेवा.

पायाचा ब्रेक हाताने दाबा. तो अडखळत वर येत असेल तर दोष पायाच्या खिळीत आहे. ती काढून घासा, ग्रीस लावा, आणि पाय वर ओढणारी स्प्रिंग जागेवर आहे का पाहा.

मग चाकाजवळचा ब्रेकचा हात फिरवून सोडा. तो टणकन परत आला पाहिजे. आळसावल्यासारखा येत असेल किंवा तिथेच थांबत असेल तर कॅम जाम आहे.

दोन्ही मोकळे असतील तर विचारा, नुकतीच चेन ताणली होती का? चेन ताणताना चाक मागे सरते आणि सळई ओढली जाते. नट ढिला करणे हा योग्य उपाय आहे तो या एकाच प्रसंगी.

कॅम मोकळा करणे

चाक काढताना वॉशर, बुश कोणत्या क्रमाने निघतात त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. झाकणाला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट काढा, मग आस काढून चाक सोडवा. झाकण हातात येईल.

आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ते छातीला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. मुलांना जवळ बसवू नका.

दोन्ही शू पुस्तक मिटल्यासारखे आत दुमडले की निघतात. ब्रेकचा हात काढण्यापूर्वी हात व दांडा यांच्यावर समोरासमोर खूण करा. खूण चुकली तर बसवताना सगळे चुकते. आवळणीचा बोल्ट काढून हात उपसा, कॅम आतल्या बाजूने बाहेर घ्या. फार जाम असेल तर दांड्याला थोडे डिझेल लावून मुरू द्या. हातोडीने ठोकू नका, झाकण तडकते.

दांडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, भोकातली पांढरी भुकटी साफ करा. दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या. कॅमच्या तोंडाला व शू टेकतात त्या खिळीला नखावर मावेल एवढेच पुरे. लायनरला किंवा ड्रमच्या आत ग्रीस, डिझेल यांचा थेंबही लागता कामा नये. तेलकट झालेला लायनर बदलावाच लागतो. लायनर सुमारे २ मिलिमीटरपर्यंत झिजला असेल तरी बदला. स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर नव्या घाला.

बसवताना तीन गोष्टी

पहिली, आसेचा नट शेवटचा आवळण्यापूर्वी पायाचा ब्रेक दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा.

दुसरी, झाकणाच्या पट्टीचा नट आवळून नवी पिन घाला. ही पट्टी सुटली तर झाकण चाकाबरोबर फिरते आणि चाक एकदम जाम होते.

तिसरी, सळईचा नट असा फिरवा की पाय २० ते ३० मिलिमीटर खाली गेल्यावर ब्रेक धरू लागेल. नटाची खोलगट बाजू पिनेवर नीट बसवा. मागचा दिवा लागतो का पाहा.

प्रथम सपाट मोकळ्या जागेत हळू चालवून पाहा. मग दोन किलोमीटर जाऊन आल्यावर ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्रकन उडाले तर ब्रेक अजून घासतो आहे. हात लावून पाहू नका.

हे घरी करू नका

डिस्क ब्रेक असेल, ड्रमला आत खोल चरे पडले असतील किंवा झाकण तडकले असेल तर गाडी मेकॅनिककडे न्या. तसेच १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान जोडब्रेक सक्तीचा झाला. त्यात बहुधा पायाने मागचा व पुढचा असे दोन्ही ब्रेक ओढले जातात. अशा गाडीत तपासणी जरूर करा, पण सळई व केबलची मापे जाणकाराकडून लावून घ्या.

गोराईच्या त्या गाडीचे म्हणाल तर बोट सोडून दिली, भाजी शेजाऱ्याच्या गाडीवर पुढे पाठवली आणि गाडी ढकलत घरी नेली. कॅमचा दांडा पांढऱ्या भुकटीने पार आवळला होता. दीड तासात काम झाले. खर्च ग्रीसचा, पॉलिश पेपरचा आणि एका पिनेचा. वहिनी म्हणाल्या, "महिनाभर मी याच गाडीवर मागे बसत होते." त्यावर दादा काही बोलले नाहीत.

पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ब्रेकचा हात फिरवून पाहत जा. खाऱ्या पाण्याचे तुषार उडाले असतील तर गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मात्र जोराची धार चाकाच्या मधल्या भागावर मारू नका. बैलाचा खूर तपासून मगच आपण त्याला गाडीला जुंपतो. मोटरसायकलवर तर घरची माणसे बसतात.