घारापुरीला जाताना

मुंबईत पाहुणे आले की एक दिवस ‘एलिफंटा’साठी राखून ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. डबे भरले जातात, गेटवेहून लाँच निघते, माकडांच्या लीला पाहून होतात, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी मंडळी परततात. आपण एका शिवमंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊन आलो, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.

नावापासूनच आरंभ करावा. बेटाचे नाव घारापुरी. पोर्तुगीजांना तेथे दगडी हत्ती दिसला, म्हणून ते एलिफंटा झाले. तो हत्ती आज बेटावर नाहीच. तो भायखळ्याला आहे. हत्ती गेला, परक्यांनी दिलेले नाव मात्र आपण जपून ठेवले! येथील शिलालेख पोर्तुगालला नेला गेला, तो कायमचाच हरवला. परिणामी, सहाव्या शतकातील हे लेणे नेमके कोणी कोरविले, हे विद्वानांना आज तर्कानेच सांगावे लागते.

सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद. सकाळी लवकर निघावे. प्रवास तासाभराचा, पुढे शंभरावर पायऱ्या. डिसेंबर २०२४ मधील बोट दुर्घटनेनंतर जीवरक्षक जाकीट अंगावर चढविण्याचा कंटाळा कोणी करू नये.

आदल्या रात्री मुलांना गंगावतरण, अंधकासुरवध आणि रावणाने कैलास हलविल्याची कथा सांगून ठेवावी. मग तेथील शिल्पे त्यांना अनोळखी वाटणार नाहीत. शिवपार्वतीच्या विवाहाच्या शिल्पापुढे घाई नको. कन्येला हळुवारपणे पुढे करणारा हिमवान, पौरोहित्य करणारा ब्रह्मदेव आणि लाजेने मान लवविलेली पार्वती. अनेक मूर्तींचे हातपाय भग्न आहेत; ते कसे भंगले असावेत, हे मुले विचारतीलच. पोर्तुगीज अमदानीतील विध्वंसाचा इतिहास त्यांना न लपवता, पण द्वेष न पेरता सांगावा. आणि दक्षिण भिंतीतील ती त्रिमुखी सदाशिवमूर्ती! डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे सौम्य वामदेव आणि मध्ये मिटल्या नेत्रांचा तत्पुरुष. येथे पंधरा मिनिटे तरी निःशब्द बसावे.

पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढले म्हणून देवालयाचे संग्रहालय होत नाही. चार द्वारांच्या गाभाऱ्यात शिवलिंग आहे. तेथे पादत्राणे बाहेर ठेवून जाण्यास कोणाची आज्ञा लागत नाही. महाशिवरात्रीला येणारे भाविक हे न शिकवता जाणतात.

पुढच्या रविवारी भायखळ्याला जाऊन तो हत्तीही मुलांना दाखवून आणावा.