नवख्याला विचारू द्या

पावसानं फवारणी अडकलीय, म्हणून आज थोडं वेगळं लिहितो.

वीस-तीस वर्षं शेती केली की माणसाला एक खोड लागते. सोयाबीन पिवळं दिसलं की बांधावरूनच सांगायचं, "युरिया टाका." रानात उतरायचं नाही, झाड उपटायचं नाही. उत्तर आधीच तयार. अशा डोक्याला नवीन काही सुचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादाजी खोब्रागडे घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातलं नांदेड गाव, तालुका नागभीड. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना दोन-चार लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, बारीक दाण्याच्या. जाणता माणूस त्याला भेसळ म्हणतो अन् उपटून फेकतो. दादाजींनी दाणे जपून ठेवले, पुढच्या साली वेगळे पेरले, वर्षानुवर्षं निवड करत राहिले. त्यातून एचएमटी तांदूळ आला. नाव त्या काळच्या घड्याळावरून पडलं. तो भात आज कुठं कुठं शिजतो ते मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, मग अनुभव वाया गेला का? बिलकुल नाही. धानात जन्म गेला म्हणून तर त्यांना फरक दिसला. नजर जुनीच होती, फक्त "हे असंच असतं" म्हणून त्यांनी ती वळवली नाही. अवघड आहे ते हेच.

परवा पुण्याहून भाचा आला होता. शेतीतलं शून्य कळतं. पिवळं झाड उपटून म्हणतो, "मामा, मुळाला ह्या गाठी कसल्या? रोग आहे का?" शेजारचे तात्या हसले. मी म्हटलं, फोड नखानं. गाठ आतून गुलाबी-लाल असली म्हणजे ती हवेतलं नत्र धरायचं काम करतेय. तो लगेच म्हणाला, "मग सगळीकडच्या फोडून बघू की." हे काही आमच्या डोक्यात आलं नसतं. वरच्या अंगाच्या झाडांना गाठी भरपूर अन् लालसर. खोलगटात, जिथं चार दिवस पाणी तुंबलेलं, तिथं थोड्या अन् फिक्या. म्हणजे दुखणं तुंबलेल्या पाण्याचं. मुळाला हवाच नाही तर वरून पिशवी ओतून काय उपयोग? पैसे मात्र जातात.

तात्या नंतर गपचूप स्वतःच्या रानात जाऊन गाठी फोडून आले, ही आतली बातमी.

आम्ही त्या खोलगटातून चर काढून पाणी ओढ्याला लावलंय. भाच्याच्याच म्हणण्यावरून तिथल्या चार ओळींना युरिया टाकलाय, बाजूच्या चार तशाच सोडल्यात. खुंट्या रोवून ठेवल्यात, मळणीला दोन्हीचं वजन वेगळं करणार. आकडे इथंच टाकीन.