विकून देणाऱ्याचा हिशेब चोख ठेवा

मावळातला इंद्रायणी तांदूळ आकुर्डीच्या सोसायट्यांत मोबाईलवर विकायचा, तर ओळखीच्यांना लिंक पाठवून गिऱ्हाईक आणणारा माणूस लागतो. विकल्या मालामागे तो कमिशन घेतो. हा नव्या जमान्यातला अडत्याच. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. इथे मात्र कमिशन आपल्याच खिशातून जाते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, दर आधी कागदावर ठरवा. माल परत आला तर कमिशन कापायचे का, तेही लिहा. ठरल्या तारखेला पैसे द्या. बाकी थकली की तो दुसऱ्याचा माल पुढे करणारच. भाव बदलला, साठा संपला, तर त्याला आधी कळवा. नमुना जुन्या तांदळाचा अन् पोत्यात नवा भरलात, तर गिऱ्हाईकाच्या शिव्या तो खातो. त्यानेही कमिशन घेतो हे लपवू नये. केंद्राच्या २०२२ च्या जाहिरातविषयक नियमांनुसार असा संबंध उघड करावा लागतो. ग्रामपंचायत व कृषी खात्याच्या मंडळींनी शेतकरी गटांच्या बैठकीत अशा कराराचा साधा नमुना करून द्यावा. पेरणीइतकेच हेही काम वेळेवर व्हायला हवे.