दोन आठवड्यांची सुट्टी आणि सहा महिन्यांचा दात

फेब्रुवारी 2024 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात एक दवाखाना उघडला आणि त्याच्या दारापुढची रांग देशभर बातमीचा विषय ठरली. दवाखाना दंतवैद्याचा होता. सरकारी आरोग्य सेवेच्या, म्हणजे ‘एनएचएस’च्या, दरात तेथे नवे रुग्ण घेतले जाणार असल्याचे कळताच शेकडो नागरिक थंडीत ताटकळत उभे राहिले, गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. ब्रिस्टलपासून तासाभराच्या अंतरावर स्विंडन आहे. पोर्तुगीज पारपत्रावर गेलेल्या गोमंतकीयांची तेथे मोठी वस्ती आहे. त्यांच्यापैकी जे डिसेंबरात गावी येतात, त्यांच्या यादीत नाताळ, लग्नकार्ये आणि घराची कागदपत्रे यांच्या जोडीला आता दातांचेही काम असते.

हे काम गावासाठी राखून ठेवण्यामागे साधे अर्थकारण आहे. इंग्लंडमधील सरकारी दंतसेवा 2006 च्या करारपद्धतीवर चालते आणि त्या पद्धतीत गुंतागुंतीचे उपचार दंतवैद्याला परवडत नाहीत, ही तेथील व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे. ऑगस्ट 2022 मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत, दर दहापैकी नऊ सरकारी दंत दवाखाने नव्या प्रौढ रुग्णांना दाखल करून घेत नसल्याचे आढळले. ज्याला जागा मिळते, त्यालाही सेवा मोफत नसते. एप्रिल 2025 पासून कॅप, ब्रिज किंवा कवळीसारख्या कामासाठी 326.70 पौंड मोजावे लागत होते. इम्प्लांट तर सहसा या सेवेत बसतच नाही. खासगीत एका इम्प्लांटचा खर्च दोन हजार पौंडांच्या पुढे जातो. रुपयांत ही रक्कम दोन लाखांच्या वर भरते. गोव्यात तेच काम, कंपनी कोणती निवडली त्यानुसार, साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत होते.

स्वस्त म्हणजे हलके, हा समज येथे लागू पडत नाही. जबड्यात बसवला जाणारा टायटॅनियमचा स्क्रू पुष्कळदा स्वित्झर्लंड, स्वीडन किंवा कोरियातील त्याच कंपन्यांचा असतो. स्वस्त असते ती जागा, सहायकाचे वेतन आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची मजुरी. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये असल्याने दंतवैद्यांची स्पर्धाही दर वाढू देत नाही. हंगेरीतील मोशोनमाज्यारोवार आणि मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस ही सीमेलगतची गावे याच तफावतीवर पोसली गेली. मात्र ऑस्ट्रियाचा रुग्ण गाडी काढून हंगेरीत जातो आणि टाका दुखू लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकतो. गोव्याहून परतलेल्या रुग्णाला ही सोय नाही.

खरी अडचण येथेच सुरू होते. किडलेली दाढ काढली, की तिची जागा भरून यायला वेळ लागतो. नंतर बसवलेल्या स्क्रूभोवती हाड घट्ट धरण्यास साधारण तीन ते सहा महिने जातात आणि मगच त्यावर कायमची कॅप बसते. हाड कमी असेल तर ते वाढवण्याचा टप्पा आधी येतो. काही रुग्णांत स्क्रू आणि तात्पुरता दात एकाच दिवशी बसवता येतो हे खरे. पण तो निर्णय हाडाच्या तपासणीवर ठरायला हवा, विमानाच्या तिकिटावर नव्हे. रूट कॅनाल, साफसफाई, सिमेंट भरणे, दोन-चार कॅप ही कामे पंधरवड्यात नीट होऊ शकतात. संपूर्ण जबड्याची नवी रचना त्या पंधरवड्यात कोंबण्याचा मोह मात्र रुग्णालाही होतो आणि दंतवैद्यालाही. तुर्कस्तानात उपचार घेऊन परतलेल्या रुग्णांबाबत ब्रिटिश डेंटल असोसिएशनने दिलेले इशारे याच मोहाविषयी होते. ठरलेल्या दिवसांत चकचकीत हसू देण्यासाठी धडधाकट दात कानशीने घासावेत तसे झिजवले जातात आणि एकदा गेलेले दातांचे कवच पुन्हा उगवत नाही.

गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा विचार फारसा होत नाही. येथे येणारा रुग्ण केवळ पर्यटक नसतो. स्विंडनचा गोमंतकीय पुढच्या वर्षीही येणार असतो, कांदोळीत हिवाळा काढणारे वयस्क ब्रिटिश जोडपेही बहुधा परत येते. तारवटी मंडळींचे वेळापत्रक तर योगायोगाने इम्प्लांटला जुळणारे: बोटीवर जाण्यापूर्वी स्क्रू, करार संपवून आल्यावर कॅप. (भर समुद्रात हिरडी सुजली तर काय, हा प्रश्न उरतोच.) जो माणूस पुन्हा येणार आहे, त्याच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

पण पुन्हा येणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. सप्टेंबर 2019 मध्ये थॉमस कूक कंपनी बुडाली आणि ब्रिटिश पर्यटकांना थेट गोव्यात उतरवणारा एक मोठा मार्ग बंद झाला. जून 2025 मध्ये एअर इंडियाने मोपा-गॅटविक ही थेट सेवा स्थगित केली. थेट विमान नसले की मुंबई, दिल्ली किंवा आखातातील एखाद्या विमानतळावरून फेरा पडतो आणि केवळ सैल झालेली कॅप बसवून घेण्यासाठी तो कुणी करत नाही. मग रुग्ण तिकडच्या दंतवैद्याकडे जातो. दुसऱ्याने केलेल्या, तपशील माहीत नसलेल्या कामाला हात लावायला तो बिचकतो. वाचलेले दोन लाख तेथे झपाट्याने आटतात. नेहमीचा प्रवासविमाही ठरवून घेतलेल्या उपचारातील बिघाडाची भरपाई सहसा देत नाही.

कायद्याचा आधार नाही असे नव्हे. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. मात्र हजारो किलोमीटर दूर बसून तपासणी, पुरावे आणि तारखा सांभाळणे किती जणांना जमेल? त्याहून उपयोगी ठरतो तो एक साधा कागद. इम्प्लांटच्या वेष्टनासोबत कंपनी, आकार आणि उत्पादन क्रमांक छापलेली चिकटपट्टी येते. ती, क्ष-किरण चित्रे आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद रुग्णाच्या हाती दिली, तर जगातल्या कुठल्याही दंतवैद्याला पुढचे काम समजते. चांगले दवाखाने हे आजही करतात. सर्वांसाठी ते सक्तीचे करण्यास सरकारला ना निधी लागेल, ना नवी इमारत.

वैद्यकीय पर्यटनाच्या घोषणांमध्ये हा कागद कुठे दिसत नाही. दिसतात ती पॅकेजेस. पौंडांत पैसे देणाऱ्या रुग्णाभोवती दर ठरू लागले, तर वाळपईच्या किंवा सांग्याच्या माणसाला खासगी दवाखान्याचा दरवाजा आणखी जड होईल. त्याच्यासाठी 1980 पासून चालत आलेले बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे. एका रूट कॅनालच्या तीन फेऱ्या म्हणजे त्याचे तीन दिवसांचे काम बुडते आणि बसभाडे निराळे. परदेशी रुग्णाच्या सोयीचा आराखडा करताना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्याची खुर्ची आठवड्यातून किती दिवस चालू असते, हेही आरोग्य खात्याने त्याच आराखड्यात लिहायला हवे.