पोलीस चौकशी आणि घरातील मूल

आई-वडील कामावर गेलेले असतात, नातू नुकताच शाळेतून परतलेला असतो आणि दारात पोलीस उभे राहतात. शेजारच्या चोरीसंबंधी दोन प्रश्न विचारायचे आहेत, मुलाला ठाण्यात पाठवा, असे सांगितले जाते. घरात मोठे माणूस म्हणून आपण एकटेच आहात. काय कराल?

साक्षीदार म्हणून माहिती हवी असल्यास पंधरा वर्षांखालील मुलाला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. चौकशी तो राहतो तेथेच व्हावी लागते. मुलीच्या बाबतीत तर वयाचीही मर्यादा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मधील हीच तरतूद साठ वर्षांवरील पुरुषांनाही लागू आहे. आजोबा आणि नातू दोघांनाही एकाच वाक्याने संरक्षण दिले आहे! स्वखुशीने जाण्याची मुभा मात्र आहे. म्हणूनच भिडेपोटी ‘बरे, येतो’ म्हणू नये. ‘येथेच बसून बोलू या, मी त्याच्याजवळ बसते’ असे शांतपणे सांगावे.

मूल लैंगिक अत्याचाराला बळी पडले असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार जबाब घेणारे अधिकारी गणवेशात नसावेत आणि आई-वडील किंवा मुलाचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती तेथे उपस्थित असावी. ती व्यक्ती आजीही असू शकते.

आरोप मुलावरच असेल, तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. बेड्या घालता येत नाहीत, जबाबावर सहीही घेता येत नाही. ‘सही करून टाक, म्हणजे सुटशील’ हा सल्ला पुष्कळदा घरातूनच मिळतो, तो कृपया देऊ नका.

भुकेलेले, घाबरलेले मूल सुटका व्हावी म्हणून कशालाही होकार देते. पाणी, खाणे, लघवीला जाण्याची सवड, दम्याचा पंप किंवा नेहमीचे औषध यांसाठी आपण निःसंकोच थांबायला सांगावे. अडचण आली तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

त्या रात्री घरात दुसरी चौकशी सुरू करू नये. मुलाला नेहमीच्या वेळी जेवू घालावे, हवे तर जवळ झोपवावे. बोलेल तेवढेच ऐकावे. दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, शाळेचा धसका घेणे असे दोन-तीन आठवडे चालूच राहिले, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे.