बॅटरी गेली? आधी कान द्या!

सोमवारची सकाळ, दहाची मीटिंग आणि पार्किंगमध्ये हटून बसलेली गाडी! अशा वेळी वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सगळ्यांचं निदान एकच, ‘बॅटरी गेली!’ मेकॅनिक येतो, मान डोलावतो, नवी बॅटरी बसवतो. खिशातले काही हजार जातात आणि बऱ्याचदा चार दिवसांनी गाडी पुन्हा ढिम्म. कारण बिघाड मुळात दुसरीकडेच असतो.

तेव्हा बॉस, पाकीट काढण्याआधी दोन मिनिटं काढा. क्लच पूर्ण दाबलाय ना, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना, एवढं बघा. मग हेडलाइट लावा, स्टार्ट मारा आणि ऐका.

टक-टक-टक-टक : मशिनगनसारखा आवाज आणि दिवे मंद? बॅटरीत दम नाही, नाहीतर टर्मिनल सैल आहे. बॉनेट उघडा. टर्मिनल हाताने हलतंय? त्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय? मग कदाचित साफसफाई आणि एक नट आवळणं, एवढ्यावरच काम भागेल.

एकच ‘टक’ : दिवे मात्र झकास? संशय स्टार्टरवर घ्या. त्यातला सोलेनॉइड किंवा ब्रश झिजलेले असू शकतात. इथे नवी बॅटरी टाकणं म्हणजे दुखतंय पोट आणि पट्टी गुडघ्याला!

आवाजच नाही : दिवे प्रखर असतील तर स्टार्टरकडे जाणारी वायर, रिले किंवा क्लचचा स्विच तपासायला सांगा. दिवेच लागत नसतील तर पुन्हा बॅटरी आणि टर्मिनल.

इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही : बॅटरी आणि स्टार्टर दोघंही निर्दोष. पेट्रोल किंवा स्पार्कचा मामला आहे.

आणखी पक्की खात्री हवी? साधा मल्टिमीटर घ्या. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती फुल चार्ज. १२ च्या खाली असतील तर ती जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवेत. तेव्हाही १२ वरच अडकले, तर गुन्हेगार अल्टरनेटर! तो बॅटरी चार्जच करत नाहीये. अशा गाडीत नवीकोरी बॅटरी टाकलीत तरी तीही थोड्याच दिवसांत मान टाकणार.

जम्प स्टार्ट करणार असाल तर एक पथ्य पाळा. शेवटची काळी क्लिप बंद पडलेल्या बॅटरीला लावू नका, लांब इंजिनच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगीही महागात पडू शकते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं साथ देते. तिचं वय झालं असेल तर खुशाल बदला. पण वर्षभरापूर्वीच घेतली असेल, तर आधी वॉरंटी कार्ड शोधा आणि दुकानात लोड टेस्ट करून मागा.

आणि हो, मेकॅनिकला फोनवर ‘गाडी चालूच होत नाहीये हो’ एवढंच सांगू नका. ‘एकच टक येतो, दिवे फुल आहेत, बॅटरी १२.६ आहे,’ असं सांगा. समोरचा लगेच सावरून बोलायला लागतो की नाही बघा!